जोड कोणाची, कोणाशी?

प्रस्तावना

जत्रेतील कुस्तीचे मैदान ज्याने पाहिले आहे, त्याला ‘जोड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कोणत्या मल्लाने कोणाशी लढायचे हे ठरवणे म्हणजे जोड लावणे. लहान मुलांच्या जोडी मैदानातच वय आणि अंगकाठी पाहून लावल्या जातात. मोठ्या इनामाच्या कुस्त्या मात्र आधी ठरतात आणि त्यांची नावे जाहिरातीवर झळकतात. जोड तुल्यबळ असेल तर मैदान रंगते. विजोड असेल तर प्रेक्षकांचा विरस होतो आणि दुबळ्या मल्लाला इजा होण्याचा धोका असतो. म्हणूनच जोड लावणाऱ्याला जाणकार नजर लागते आणि नि:पक्षपाती मनही लागते.

हाच प्रश्न ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ म्हणजेच मिश्र युद्धकला या आधुनिक खेळात मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. तेथे लढवय्यांची क्रमवारी लावली जाते आणि तिच्या आधारे पुढच्या लढती सुचवल्या जातात. क्रमवारी कशी तयार होते, ती कितपत विश्वसनीय असते आणि प्रत्यक्षात जोड ठरवताना ती किती पाळली जाते, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
- वजनगटांची आवश्यकता सांगू शकाल;
- क्रमवारी लावण्याच्या तीन पद्धतींतील फरक स्पष्ट करू शकाल;
- एखादी लढत योग्य की अयोग्य, याविषयी कारणे देऊन मत मांडू शकाल.

मूळ पाठ

1. वजनगट का हवेत?

मिश्र युद्धकलेत मुष्टियुद्धातील ठोसा, थायलंडच्या मुए थाईमधील लाथ, कुस्तीतील पकड आणि जुजुत्सूमधील सांधे आवळण्याचे डाव हे सारे एकत्र येतात. ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ (यूएफसी) या संस्थेची पहिली स्पर्धा 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झाली. आठ लढवय्ये, एकच रात्र आणि बाद पद्धत असे तिचे स्वरूप होते. वजनाचे बंधन नव्हते. पहिल्याच लढतीत नेदरलँड्सच्या जेरार्ड गोर्डो याच्यासमोर त्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा सुमो मल्ल टेइला तुली उभा होता. ती लढत गोर्डोने अवघ्या 26 सेकंदांत जिंकली. स्पर्धेचे विजेतेपद ब्राझीलच्या रॉयस ग्रेसी या सडपातळ लढवय्याने पटकावले.

त्या स्पर्धेचा हेतू ‘कोणती युद्धकला श्रेष्ठ?’ हे पाहण्याचा होता. पुढे प्रश्न बदलला. ‘कोणता लढवय्या श्रेष्ठ?’ असे विचारले जाऊ लागले. हा प्रश्न न्याय्य ठरायचा असेल तर तुलना समान वजनाच्या माणसांमध्ये व्हायला हवी. यूएफसीने 1997 मध्ये 200 पौंडांची सीमा ठरवून दोन गट केले. त्यानंतर न्यू जर्सी राज्याच्या नियामक मंडळाच्या पुढाकाराने एकसमान नियम तयार झाले आणि वजनगट अधिक बारकाईने आखले गेले. पुरुषांच्या लाइटवेट गटाची कमाल मर्यादा 155 पौंड, म्हणजे सुमारे 70.3 किलो आहे. या पाठातील बहुतेक उदाहरणे याच गटातील आहेत, कारण हा गट चुरशीसाठी प्रसिद्ध आहे.

ही मर्यादा किती काटेकोर असते, हे मे 2022 मध्ये दिसले. ब्राझीलचा चार्ल्स ओलिव्हेरा हा त्या वेळी गटाचा विजेता होता. लढतीच्या आदल्या दिवशी त्याचे वजन 155.5 पौंड भरले. साध्या लढतीत एका पौंडाची सवलत असते, किताबाच्या लढतीत ती नसते. अर्ध्या पौंडापायी, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅमपायी त्याचा किताब गेला. दुसऱ्या दिवशी त्याने जस्टिन गेजीला पहिल्याच फेरीत हरवले, तरी किताब रिकामाच राहिला.

2. क्रमवारीच्या तीन पद्धती

*बाद पद्धत.* येथे क्रमवारीची गरज जवळजवळ नसते. महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून सुरू आहे. तिच्यात गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता अंतिम कुस्तीत समोरासमोर येतात आणि जो जिंकेल तो मानाच्या गदेचा मानकरी ठरतो. निकाल आखाड्यातच लागतो. मताला वाव राहत नाही. मात्र मिश्र युद्धकलेत ठोशांचे आघात शरीरावर आणि मेंदूवर होतात. तेथील बहुतेक नामवंत लढवय्ये वर्षातून दोन-तीनदाच लढतात. त्यांना काही दिवसांत चार-पाच लढती खेळायला लावणे योग्य नाही. म्हणून त्या खेळाला दुसरा मार्ग शोधावा लागला.

*मतदान पद्धत.* यूएफसीने फेब्रुवारी 2013 मध्ये आपली अधिकृत क्रमवारी सुरू केली. क्रीडा पत्रकारांचे एक मंडळ प्रत्येक गटातील लढवय्यांना मते देते आणि त्यांतून क्रमांक ठरतात. विजेत्याचे स्थान यादीच्या वर, क्रमांकाविना असते. त्याच्याखाली आव्हानवीरांची नावे येतात. लढवय्याने कोणाला हरवले, कसे हरवले, केव्हा हरवले आणि तो अजून नियमित लढतो का, या चार गोष्टींचा विचार मत देणाऱ्याने करावा अशी अपेक्षा असते. या पद्धतीत जाणकारांच्या निरीक्षणाला स्थान मिळते, हा तिचा गुण. प्रसिद्धीचा प्रभाव मतावर पडू शकतो, हा तिचा दोष.

*गुणांकन पद्धत.* भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी एक गणिती पद्धत तयार केली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती 1970 मध्ये स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला काही गुण असतात. दोघांचे गुण सारखे असतील तर प्रत्येकाची अपेक्षित कामगिरी 50 टक्के मानली जाते. गुणांत 200 चा फरक असेल तर वरच्या खेळाडूची अपेक्षित कामगिरी सुमारे 76 टक्के धरतात. अपेक्षेप्रमाणे निकाल लागला तर गुण थोडे बदलतात, अनपेक्षित लागला तर जास्त बदलतात. समजा, 1600 गुणांचा खेळाडू 1400 गुणांच्या खेळाडूशी खेळला आणि एका डावात जास्तीत जास्त 32 गुणांची देवघेव ठरली आहे. बलवान जिंकला तर त्याला सुमारे 8 गुण मिळतील. हरला तर तो सुमारे 24 गुण गमावेल. दुबळ्याला हरवण्याचे मोल कमी आणि बलवानाला हरवण्याचे मोल अधिक, हे साधे सत्य या गणितात उतरले आहे.

तथापि, ही पद्धत भरपूर सामने होतात तेथे अधिक खरी ठरते. बुद्धिबळपटू वर्षभरात कितीतरी डाव खेळतो. वर्षाला दोनदा लढणाऱ्या माणसाविषयी गणिताला फारच थोडा पुरावा मिळतो.

3. क्रमवारी म्हणजे सरळ जिना नव्हे

‘अ’ने ‘ब’ला हरवले आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले, म्हणजे ‘अ’ हा ‘क’पेक्षा श्रेष्ठ, असे आपण सहज मानतो. उंचीच्या बाबतीत हे खरे आहे, लढतीच्या बाबतीत नाही. लाइटवेट गटातील तीन निकाल पाहा. जानेवारी 2013 मध्ये अँथनी पेटिसने डोनाल्ड सरोनीला हरवले. सप्टेंबर 2014 मध्ये सरोनीने एडी अल्वारेझला हरवले. या हिशेबाने पेटिस अल्वारेझला भारी पडायला हवा होता. परंतु जानेवारी 2016 मध्ये अल्वारेझने पेटिसला हरवले. येथे वर-खाली असा जिना तयार न होता वर्तुळ तयार झाले.

असे का घडते? पहिले कारण शैलीचे. दूर उभे राहून लाथा मारणाऱ्याला अंगाला भिडून रेटत नेणारा प्रतिस्पर्धी जड जातो, मग दोघांचा क्रमांक काहीही असो. दुसरे कारण काळाचे. तीन वर्षांपूर्वीचा लढवय्या आणि आजचा लढवय्या हे एकाच नावाचे दोन वेगळे प्रतिस्पर्धी असू शकतात. तिसरे कारण निर्णयाचे. लढत पूर्ण वेळ चालली तर तीन पंच फेरीनिहाय गुण देतात आणि त्यांच्यात मतभेद होऊ शकतात. अल्वारेझ आणि पेटिस यांच्या लढतीचा निकालही पंचांच्या विभागलेल्या मतांनीच लागला होता. म्हणून क्रमांक हा उपलब्ध पुराव्यावरून काढलेला अंदाज आहे. त्याला अंतिम सत्य समजू नये.

> पाठगत प्रश्न 1
> (अ) मे 2022 मध्ये ओलिव्हेराचा किताब कोणत्या कारणाने गेला?
> (आ) मिश्र युद्धकलेत गुणांकन पद्धत कमी उपयोगी का ठरते?
> (इ) पेटिस, सरोनी आणि अल्वारेझ यांच्या उदाहरणातून काय सिद्ध होते?

4. जोड सुचवण्याच्या कसोट्या

क्रमवारी हाती आली की पुढची लढत सुचवता येते. त्यासाठी जाणकार पुढील कसोट्या लावतात.

पहिली कसोटी जवळिकीची. जोडीतील दोघांचे क्रमांक शक्यतो जवळचे असावेत. दुसरी कसोटी वाटचालीची. जिंकत आलेल्याची जोड जिंकत आलेल्याशी आणि नुकताच हरलेल्याची जोड हरलेल्याशी लावावी. त्यामुळे एकाला वर जाण्याची आणि दुसऱ्याला सावरण्याची संधी मिळते. तिसरी कसोटी नावीन्याची. जे दोघे अजून समोरासमोर आलेले नाहीत, त्यांची लढत नवी माहिती देते. चौथी कसोटी आरोग्याची. दुखापत आणि विश्रांतीचा काळ लक्षात घ्यावा लागतो. पाचवी कसोटी लाभाची, आणि तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. खालच्या क्रमांकाचा लढवय्या जिंकला तर वर चढतो. वरच्या क्रमांकाचा जिंकला तर जागच्या जागी राहतो आणि हरला तर घसरतो. त्यामुळे वरचा लढवय्या अशी लढत टाळू पाहतो. दोघांनाही काही मिळण्यासारखे असेल तरच जोड जमते.

ऑक्टोबर 2020 मध्ये या कसोट्यांची परीक्षा झाली. रशियाच्या दागेस्तान प्रदेशातील खबीब नुरमागोमेदोव्हने गेजीला हरवून 29 विजय आणि शून्य पराभव अशा कामगिरीवर निवृत्ती जाहीर केली. पुढे गादी रिकामी झाली. जानेवारी 2021 मध्ये अमेरिकेच्या डस्टिन पोरियेने आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरला हरवले. गुणवत्तेने पाहता रिकाम्या किताबावर पोरियेचा हक्क मोठा होता. परंतु मॅकग्रेगरशी पुन्हा लढण्यात पैसा कितीतरी अधिक होता. पोरियेने ती लढत निवडली आणि जुलै 2021 मध्ये ती जिंकलीही. तोपर्यंत, मे 2021 मध्ये, किताबाची लढत ओलिव्हेरा आणि मायकल चँडलर यांच्यात होऊन गेली होती. ओलिव्हेराने त्यापूर्वी सलग आठ लढती जिंकल्या होत्या. चँडलर मात्र यूएफसीमध्ये तोवर एकदाच लढला होता. तो ‘बेलाटर’ या दुसऱ्या संस्थेचा माजी विजेता होता आणि प्रेक्षकांना हवा होता. ओलिव्हेरा जिंकला आणि डिसेंबर 2021 मध्ये त्याने पोरियेलाही हरवले. पोरियेने 2019 मध्ये अंतरिम किताब मिळवला होता. पूर्ण किताबासाठी त्याने 2019, 2021 आणि 2024 अशा तीन लढती दिल्या, पण तो किताब त्याच्या हाती आला नाही. जुलै 2025 मध्ये तो निवृत्त झाला. पैसा आणि मान यांतून एकाची निवड करण्याची वेळ कष्टाने जगणाऱ्या कोणावरही येते. पोरियेची निवड चूक होती असे कोणी सहजासहजी म्हणू शकणार नाही.

5. ठरली, पण झाली नाही

कागदावर उत्तम असलेली जोड प्रत्यक्षात येईलच असे नाही. खबीब आणि अमेरिकेचा टोनी फर्ग्युसन हे दोघेही अनेक वर्षे सतत जिंकत होते. सर्व कसोट्यांना उतरणारी हीच जोड होती. ती पाच वेळा ठरली आणि पाचही वेळा मोडली. 2015 मध्ये खबीब जायबंदी झाला. 2016 मध्ये फर्ग्युसन आजारी पडला. मार्च 2017 मध्ये वजन घटवताना खबीबला रुग्णालयात न्यावे लागले. एप्रिल 2018 च्या लढतीच्या काही दिवस आधी चित्रीकरणाच्या ठिकाणी तारेला अडखळून फर्ग्युसनचा गुडघा दुखावला. एप्रिल 2020 मध्ये करोनाच्या साथीने प्रवासच बंद झाले.

मे 2020 मध्ये फर्ग्युसन खबीबऐवजी गेजीशी लढला आणि पाचव्या फेरीत हरला. त्यापूर्वी त्याने सलग बारा लढती जिंकल्या होत्या. त्यानंतर ऑगस्ट 2024 पर्यंत तो गेजीच्या लढतीसह सलग आठ लढती हरला. लढवय्याच्या उमेदीचा काळ थोडा असतो. योग्य जोड योग्य वेळी झाली नाही, तर ती पुढे कधीच होत नाही.

मोडलेल्या जोडीतून आणखी एक प्रश्न निघतो, तो बदली लढवय्याचा. जानेवारी 2025 मध्ये विजेता इस्लाम माखाचेव आणि अरमान त्सारुक्यान यांची लढत ठरली होती. आदल्या दिवशी पाठीच्या दुखण्यामुळे त्सारुक्यानने माघार घेतली. ब्राझीलचा रेनाटो मोइकानो त्याच कार्यक्रमात दुसऱ्याशी लढणार होता, तो एका दिवसाच्या सूचनेवर विजेत्यासमोर उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत हरला. त्याच्या धाडसाचे कौतुक झाले. परंतु अशा वेळी जोड तुल्यबळ राहिली की केवळ कार्यक्रम पार पडला, हे विचारणे आवश्यक आहे.

6. निर्णय कोणाच्या हाती?

अमेरिकेत 2000 साली मुष्टियुद्धासाठी ‘मुहम्मद अली कायदा’ झाला. मुष्टियुद्धाच्या संस्थांनी क्रमवारीचे निकष जाहीर करावेत, असे बंधन त्याने घातले. मिश्र युद्धकलेला मात्र या कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. यूएफसी ही एकच संस्था लढवय्यांशी करार करते, लढती ठरवते आणि किताबही देते. क्रमवारी पाळणे तिला बंधनकारक नाही. 2014 मध्ये काही लढवय्यांनी या संस्थेविरुद्ध मक्तेदारीचा दावा दाखल केला. संस्थेने बाजारपेठेवर ताबा ठेवून लढवय्यांचे मानधन दाबले, असे त्यांचे म्हणणे होते. 37.5 कोटी डॉलरच्या तडजोडीला न्यायालयाने 2025 मध्ये मंजुरी दिली. क्रमांकाच्या एका आकड्यामागे माणसाचे मानधन, त्याचे आरोग्य आणि त्याचे भविष्य असते, हे या दाव्याने स्पष्ट केले.

भारतीय लढवय्यांचाही या प्रवाहात प्रवेश झाला आहे. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीने आशियाई लढवय्यांसाठीची बाद स्पर्धा फेब्रुवारी 2023 मध्ये लाइटवेट गटात जिंकून यूएफसीचा करार मिळवला. ऑक्टोबर 2023 मधील पुढच्या लढतीत तो तिसऱ्या फेरीत हरला. जून 2024 मध्ये उत्तर प्रदेशच्या पूजा तोमरने महिलांच्या स्ट्रॉवेट गटात विजय मिळवला. यूएफसीमध्ये लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

7. प्रस्ताव लिहिण्याचा नमुना

आता 2025 च्या नोव्हेंबरअखेरची स्थिती घेऊन एक प्रस्ताव तयार करू. माखाचेवने किताब सोडून वरचा वजनगट धरला. जून 2025 मध्ये इलिया टोपुरियाने ओलिव्हेराला पहिल्याच फेरीत हरवून रिकामा किताब जिंकला. त्सारुक्यान आव्हानवीरांत अग्रस्थानी होता. त्याने एप्रिल 2024 मध्ये ओलिव्हेराला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये डॅन हुकरला हरवले होते.

*प्रस्ताव :* टोपुरियासमोर त्सारुक्यान उभा राहावा.
*अनुकूल कारणे :* क्रमांक सर्वांत जवळचा, दोघेही जिंकत आलेले, पूर्वी कधी लढलेले नाहीत, एक ठोशाचा तर दुसरा पकडीचा जाणकार.
*प्रतिकूल कारण :* त्सारुक्यानने जानेवारी 2025 मध्ये ऐन वेळी माघार घेतली होती.
*निष्कर्ष :* नंतर मिळवलेल्या विजयाने त्याचा हक्क पुन्हा सिद्ध होतो. म्हणून ही जोड न्याय्य आहे.

टोपुरिया काही काळ लढणार नाही असे ठरल्यावर अंतरिम किताबासाठी जोड जाहीर झाली, ती गेजी आणि इंग्लंडचा लोकप्रिय लढवय्या पॅडी पिम्ब्लेट यांची. अग्रस्थानी असलेला त्सारुक्यान बाहेर राहिला. तर्काने काढलेला प्रस्ताव आणि संस्थेचा निर्णय यांतील अंतर येथे स्पष्ट दिसते. तरीही प्रस्ताव लिहिणे व्यर्थ नाही. न्याय्य काय असते हे आधी मांडलेले असेल, तरच अन्याय कोठे झाला हे दाखवता येते.

निवड समिती असो, बढती असो वा शिष्यवृत्ती, माणसांची क्रमवारी सर्वत्र लावली जाते. तिचे निकष उघड आहेत का, पुरावा पुरेसा आहे का आणि निर्णय घेणाऱ्याचा स्वार्थ त्यात गुंतला आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारले पाहिजेत.

आपण काय शिकलो

- तुलना न्याय्य होण्यासाठी समान वजनाचे गट आवश्यक आहेत.
- बाद, मतदान आणि गुणांकन या प्रत्येक पद्धतीला गुण आणि मर्यादा आहेत.
- क्रमांक हा पुराव्यावर आधारलेला अंदाज असतो. लढतीचे निकाल वर्तुळातही फिरू शकतात.
- जोड ठरवताना गुणवत्तेबरोबर पैसा, आरोग्य आणि लोकप्रियता यांचाही प्रभाव पडतो.

शब्दार्थ

विजोड – न शोभणारी, असमान जोड; आव्हानवीर – विजेत्याला आव्हान देणारा; अंतरिम – तात्पुरता; मक्तेदारी – बाजारावरील एकाच संस्थेचा ताबा; निकष – कसोटी; जायबंदी – दुखापत झालेला.

स्वाध्याय

1. बाद पद्धत आणि मतदान पद्धत यांची तुलना आठ ते दहा वाक्यांत करा.
2. ‘पोरियेने मान सोडून पैसा निवडला.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या.
3. तुमच्या आवडीच्या खेळातील दोन खेळाडू किंवा दोन संघ निवडा. पाठातील नमुन्याप्रमाणे त्यांच्या लढतीचा प्रस्ताव लिहा. अनुकूल व प्रतिकूल अशी दोन्ही कारणे द्या.
4. ‘जोड’ या शब्दाचे वेगवेगळे अर्थ शोधा आणि प्रत्येक अर्थाने एक वाक्य लिहा.